चौदा शब्द माझे नाहीत

दिनांक ८ जून, रविवार, सकाळी अकरा ते एक. रक्कम — तीन हजार सहाशे रुपये, आठ रविवारांच्या ऑनलाइन कथालेखन कार्यशाळेची फी, एप्रिलमध्येच भरलेली. हजर कोण — स्क्रीनवर कार्यशाळा घेणारे अविनाश सर आणि माझ्यासकट बारा विद्यार्थी. स्क्रीनच्या अलीकडे, नाशिकला सिडकोतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये मी, माझी बायको मंगल, आणि डोळे तपासायला सटाण्याहून आलेली माझी मोठी बहीण शैला. तिला मी आक्का म्हणतो.

हे आधीच लिहून टाकलं, कारण या सदरातले अनुभव मी बरेच वाचलेत आणि बहुतेकांत तारीख नसते, साक्षीदार नसतो. 'एका मित्राच्या मामांना' असं काहीतरी झालेलं असतं. मी त्यातला नाही. अंबडला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये सत्तावीस वर्षं झाली. रजिस्टरवर एक आणि रॅकवर एक असला की मी सही करतो, नाहीतर नाही. भूत, करणी, संकेत, अंगात येणं — मानलं नाही, आजही मानत नाही. कमेंटमध्ये 'आता तरी विश्वास बसला का' असं विचारणाऱ्यांना आत्ताच उत्तर देतो — नाही. पण जे घडलं ते घडलं नाही असं म्हणायलाही मी तयार नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या खाईन, चालेल.

कार्यशाळेला का गेलो? वय त्रेपन्न. रिटायरमेंटला पाच वर्षं. शाळेत निबंध बरे लिहायचो, मग आयुष्यभर फक्त शेरे लिहिले — 'माल तपासून घेतला', 'दोन नग कमी'. मोबाइलवर जाहिरात आली, कथा लिहायला शिका, ती मासिकाकडे कशी पाठवायची तेही शिका. मंगल म्हणाली, "अहो, छत्तीसशे रुपयांत गॅसची शेगडी येते." मी म्हणालो, "शेगडी आहे." विषय संपला.

सर शिकवायचे चांगलं. पात्र कसं उभं करायचं, संवाद कुठे तोडायचा, संपादकाला पत्र किती ओळींचं लिहायचं. त्यांचा एक नियम मात्र वेगळा होता. आपली कथा आपण वाचायची नाही. चिठ्ठी टाकून दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघायचं, सर दोन दिवस आधी फक्त त्यालाच फाइल पाठवायचे, आणि तो ती वर्गात मोठ्याने वाचायचा. तेवढा वेळ लेखक म्यूट. स्वतः केलेला म्यूट नव्हे — सरांनी केलेला, आपल्याला तो काढता येत नाही. सर म्हणायचे, "मासिक छापून घरी जातं तेव्हा तुम्ही वाचकाच्या शेजारी बसून 'मला असं म्हणायचं होतं' सांगणार आहात का? मग आत्ताच गप्प बसायची सवय करा."

माझी कथा माझ्या घरातली होती. नावं बदलली होती, एवढंच.

ती अशी. बारावी झालेली बहीण आहे, तिला मास्तरीण व्हायचंय. डी.एड.चा फॉर्म नाशिकला नेऊन द्यायचा आहे, शेवटचा दिवस आहे. वडील मुलीला एकटीला पाठवणार नाहीत, म्हणून सोळा वर्षांचा धाकटा भाऊ एसटीने निघतो. संध्याकाळी परत येतो आणि सांगतो, कारकुनाने मार्क पाहिले, दोन मार्क कमी पडतात म्हणाला, फॉर्म घेतला नाही. पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न होतं. कथा तिथे संपते.

आता खरं. कारकुनाने काहीही पाहिलं नव्हतं. मी साडेअकराला नाशिकला उतरलो, सोळा वर्षांचा, पहिल्यांदा एकटा, आणि टॉकीजमध्ये बारा ते तीनच्या खेळाला जाऊन बसलो. सरकारी ऑफिस पाचपर्यंत चालतं असं मला वाटलं. खिडकी दोनलाच बंद झाली होती.

हे मी छत्तीस-सदतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, मंगलला नाही. आणि आक्काने तर ते दोन मार्क स्वतःच्या अंगावरच घेतले. दोन्ही पोरींना वाढवताना म्हणायची, "अभ्यास करा गं, माझं डोकं कमी पडलं." दाजी — तिचे यजमान — चारचौघांत तिला 'दोन मार्कांनी हुकलेली मास्तरीण' म्हणतात. हसून म्हणतात. तीही हसते. प्रत्येक वेळी मी तिथे बसून चहा पितो.

कथा मी आधी वहीत लिहिली. त्यात हा खरा परिच्छेद होता. मग शब्द मोजले — ओळीओळीने, समासात बेरीज करत. दोन हजार बारा. सरांची मर्यादा अठराशे. म्हणजे दोनशे बारा काढायचे. आता योगायोग म्हणा किंवा माझा लबाडपणा म्हणा, तो परिच्छेद बरोबर दोनशे बारा शब्दांचा होता. मी दुसरं काही काढायचा विचारसुद्धा केला नाही. मनाला सांगितलं, मर्यादा आहे, इलाज नाही.

वहीतलं ते पान मी १ जूनच्या रविवारी फाडलं, त्याचे तुकडे केले आणि सोमवारी सकाळी घंटागाडीत टाकले. स्वतः जाऊन टाकले. टायपिंग त्यानंतर केलं. म्हणजे तो परिच्छेद कॉम्प्युटरमध्ये कधी गेलाच नाही. बुधवारी सरांना फाइल पाठवली, शब्द अठराशे. चिठ्ठीत नाव निघालं गावित मॅडमचं. त्या सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिकवतात. त्यांच्याकडे नेटवर्कचं काही खरं नसतं, म्हणून त्या फाइलची प्रिंट काढून आणायच्या आणि कागदावरून वाचायच्या. वाचायच्या मात्र फार छान, सावकाश, वर्गात गोष्ट सांगावी तशा.

आता माझा शहाणपणा ऐका. आक्का शनिवारी आली होती. रविवारी ती मंगलबरोबर मेथी निवडत बसली होती, तर तिला मीच बोलावलं. "आक्का, इथे येऊन बस. माझी कथा वाचणारेत. त्यातली बहीण म्हणजे तूच."

"मी? माझ्यात काय शे लिहिण्यासारखं?" म्हणाली, पण पदराला हात पुसत येऊन बसली. खूश होती. चष्मा लावला, जणू ऐकायला चष्मा लागतो. मी खरी गोष्ट काढून टाकली होती ना... म्हणून मला धीर होता.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी गावित मॅडमनी सुरुवात केली. पहिली तीन पानं माझीच होती. गाव, घर, फॉर्म, एसटी. आक्का मध्येच पुटपुटली, "हो, लाल पिशवी होती." चौथ्या पानावर कारकून यायला हवा होता.

कारकून आला नाही. मॅडम त्याच आवाजात, न अडखळता वाचत गेल्या —

"बारा ते तीनचा खेळ सुटला तेव्हा तो धावत निघाला. खिडकी बंद होती. शिपाई म्हणाला, मुदत दोनलाच संपली. परतीच्या बसमध्ये त्याने फॉर्म खिडकीतून सोडून दिला. घरी सांगितलं, दोन मार्क कमी पडले. दोन हा आकडा लहान होता, आणि लहान आकड्यावर माणसं लवकर विश्वास ठेवतात..."

माझेच शब्द. घंटागाडीत गेलेले.

मी म्यूट काढायला बटण दाबलं. दाबत राहिलो. 'होस्टने परवानगी दिलेली नाही.' लोक मला विचारतात, लॅपटॉप का बंद केला नाही? हात नेला होता. आक्काने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माले ऐकू दे." घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण एरवी ती माझ्याशी असं तुटक कधी बोलत नाही.

आणि मग ते वाक्य आलं. मॅडम वाचत होत्या, "तिने पेटीसाठी साडेसहा रुपयांचं पितळी कुलूप आणून बाजरीच्या कणगीत लपवलं होतं, कुणालाच सांगितलं नव्हतं."

हे मी लिहिलेलं नव्हतं. कुठेच नाही. फाइलमध्ये नाही, फाडलेल्या पानावरही नाही. कुलूप कसलं, हेही मला ठाऊक नव्हतं.

आक्काने माझं मनगट सोडलं.

पुढे कथा पुन्हा रुळावर आली आणि संपली. स्क्रीनवर सगळे टाळ्या वाजवत होते. सरांनी मला अनम्यूट केलं. "दिलीपराव, बोला! तो भावाचा परिच्छेद... आणि ते कुलूप! कुठून सुचलं हो?" मी कॉल बंद केला.

"हाई खरं शे का रे, दिलीप?" आक्काने विचारलं.

मी म्हणालो, "पिक्चरचं खरं आहे."

"आणि कुलपाचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. आक्का, ते मी लिहिलेलं नाही."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी खोटं बोललो की पाहायची, तसं. मग मंगलला म्हणाली, "साडेसहाच. दुकानदार सात सांगत होता. होस्टेलला पेटीला कुलूप लागतं असं कळलं होतं मला, म्हणून आधीच आणलं. आईलासुद्धा माहीत नव्हतं. लग्नात माझ्या पेटीला तेच लावलं मी. कुठून आलं, कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि उठून मेथी निवडायला गेली.

मंगल माझ्याशी त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "एवढी वर्षं तुम्ही तिच्याकडून राखी बांधून घेतली."

आता तपासणी. मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो, कारण स्टॉक जुळत नसेल तर मला चैन पडत नाही.

पाठवलेली फाइल उघडली. अठराशे शब्द, परिच्छेद नाही, कुलूप नाही. सरांकडे पोचलेली फाइल त्यांच्याकडून परत मागवली. तीच. गावित मॅडमना फोन केला. त्या बिचाऱ्या घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मी माझ्या मनाने एक अक्षर घातलं नाही हो. चौथ्या पानावर जे होतं तेच वाचलं. वाचून झाल्यावर कागद नीट लावायला घेतले, तर चौथ्या पानावर कारकूनच होता. मी तीनदा पाहिलं." त्यांनी पानांचे फोटो पाठवले. कारकूनच होता.

वर्गाचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात सगळं आहे — एक मिनिट पंचेचाळीस सेकंद. म्हणजे भास म्हणायचीही सोय नाही. मी ते थांबवत थांबवत कागदावर उतरवलं आणि मोजलं. दोनशे सव्वीस शब्द. दोनशे बारा माझे. चौदा माझे नाहीत.

स्टोअर्समध्ये माल कमी भरला तर घाबरायचं कारण नसतं. चोरी असते किंवा चूक असते, सापडते. माल जास्त भरला की मात्र झोप जाते. कारण तो आला कुठून, याचं चलनच नसतं.

माझ्या भाचीने सांगितलं, मामा, मोबाइल आपलं बोलणं ऐकतो. ऐकत असेल. कणगीत हात घालत नाही. शिवाय मॅडमच्या हातात मोबाइल नव्हता, कागद होता. ऑफिसातला एक जण म्हणाला, लहानपणी तू ते कुलूप पाहिलं असशील आणि विसरला असशील. हे मला पटण्यासारखं आहे, खोटं कशाला बोलू. पण मग ते माझ्या डोक्यातून सुरगाण्याच्या बाईंच्या तोंडात कोणत्या एसटीने गेलं? आक्का आणि मॅडम एकमेकींना ओळखत नाहीत. भेटल्या नाहीत. फोन नाही.

दाजींचा फोन आला. त्यांना आक्काने काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांनी निदान करून टाकलं होतं. "तुमच्या आईचं काहीतरी राहिलंय. त्र्यंबकला जाऊन विधी करून टाका."

"दाजी," मी म्हणालो, "चूक माझी आहे, आईची नाही. माझ्या खोटेपणाचं बिल मी मेलेल्या बाईच्या नावावर फाडणार नाही."

"मग हे झालं कसं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. दोन मार्कांचं मात्र माहीत आहे. ते कधी कमी पडलेच नव्हते. यापुढे चारचौघांत म्हणाल तेव्हा हेही म्हणा." छत्तीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांनी फोन ठेवला.

सरांचं वेगळंच. त्यांना तो प्रकार फार आवडला. रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा पुढच्या बॅचच्या जाहिरातीला वापरायचा होता — 'कथा स्वतःच स्वतःला सांगते तेव्हा' वगैरे. मी सांगितलं, वापरलात तर ग्राहक मंचात जाईन. मग म्हणाले, बरं, निदान कथेत तो परिच्छेद कुलपासकट ठेवा, मी स्वतः संपादकांकडे शिफारस करतो, पहिलीच कथा छापून येईल.

"परिच्छेद ठेवतो," मी म्हणालो. "कुलूप ठेवणार नाही."

"अहो, तेच तर कथेचं काळीज आहे!"

"असेल. मी लिहिलेलं नाही. त्याखाली माझं नाव येणार नाही."

"मग कोणी लिहिलंय?"

"ते तुम्ही सांगा, तुम्ही शिकवता."

दोनशे बारा शब्द परत घातले. मर्यादा पाळायला डोंगराचं आणि एसटीच्या खिडकीतल्या देखाव्याचं वर्णन काढलं. कथा पाठवली. साभार परत आली. येऊ दे.

पण हे सगळं माझं झालं. आक्का मात्र सोमवारी डोळे तपासून मंगळवारच्या एसटीने निघून गेली. तीन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. स्टँडवर मी म्हणालो, "आक्का, माफ कर." ती म्हणाली, "गाडी लागली," आणि चढली. जून गेला. मी फोन केला की मंगलला द्यायला सांगायची. राखी पोस्टाने येते की येतच नाही, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात राहिला होता. मला कुलपाचं उत्तर नको होतं. ती माझ्याशी पुन्हा बोलायला हवी होती.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. थेट मला.

"तुझी ती शाळा पुन्हा कधी भरते?"

"कुठली शाळा?"

"गोष्टी लिहायची."

म्हणालो, "ऑगस्टमध्ये. फॉर्म एकतीस जुलैपर्यंत आहेत."

"माझं नाव घाल. फी तू भरायची."

"आत्ता भरतो, आक्का, फोनवरूनच —"

"फोनवरून नको. इकडे ये. माझ्यासमोर बसून भर."

मी पुढच्याच रविवारी सटाण्याला गेलो. मुदतीच्या चार दिवस आधी. मंगलही आली. आक्काने ओट्यावर सतरंजी घातली होती. दाजी खुर्चीत पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. मी मोबाइलवर फॉर्म उघडला आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत गेलो. ती सांगायची, मी भरायचो. नाव. वय पंचावन्न. शिक्षण — "बारावी. एकसष्ट टक्के. टक्के पण लिही."

"टक्के विचारले नाहीत, आक्का."

"मी सांगतेय ना."

लिहिले.

'कार्यशाळेकडून तुमची अपेक्षा काय?' असा रकाना होता. ती म्हणाली, "लिही — एक गोष्ट अर्धी बाहेर गेली आहे, ती पूर्ण करायची आहे."

दाजींनी पेपरच्या आडून विचारलं, "या वयात आता मास्तरीण होणार का?"

"मास्तरीण नाही," आक्का म्हणाली. "लेखक. त्याला मार्क लागत नाहीत."

दाजींनी पेपरचं पान उलटलं. मंगल तोंडाला पदर लावून आत गेली.

ते चौदा शब्द तिने लिहिलेले आहेत का, असं मी तिला तेव्हाच विचारलं. कारण एवढी एकच शक्यता उरते, आणि तीही शक्य नाही. ती म्हणाली, "मी कधी एक ओळ लिहिली का रे? मनात म्हणायचे फक्त. कणगीपाशी गेले की म्हणायचे." एवढंच. यातून कुणाला काही स्पष्टीकरण काढता आलं तर काढा. मला आलेलं नाही, आणि आलं नाही म्हणून मी कुठल्याही देवळात किंवा प्रयोगशाळेत हात जोडून उभा राहणार नाही.

फॉर्मच्या शेवटी सवलतीचा रकाना होता, ओळखीने आलेल्यांना वीस टक्के. मी तिला वाचून दाखवला.

"नको," ती म्हणाली. "पूर्ण भर."

२७ जुलै, रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. रक्कम तीन हजार सहाशे रुपये. कार्यशाळेला दिले, आक्काच्या नावाने. पावतीचा मेसेज तिच्या मोबाइलवर येईपर्यंत तिने मला ओट्यावरून उठू दिलं नाही.